बिशपांना न्याय देणारा अज्ञेयवादी : जॉन टिंडल



उन्हाळ्याच्या संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलेले कुटुंब बर्फाचा गोळा खाल्ल्याशिवाय सहसा घरी परतत नाही. गोळेवाला बर्फाची लादी रंध्यावर घासतो. खाली पांढराशुभ्र भुगा पडतो. तो भुगा ओंजळीत घेऊन तो काडीभोवती दाबतो आणि क्षणात सुट्या कणांचा एक घट्ट गोळा होतो. त्यात ना डिंक असतो, ना साखरेचा पाक. रंगीत सरबत तर नंतर पडते. मग हे कण एकमेकांना धरून राहतात ते कशामुळे?

एकोणिसाव्या शतकात हा साधा वाटणारा प्रश्न युरोपातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पडला होता. आल्प्स पर्वतातील अवाढव्य हिमनद्या कशा सरकतात, याचे उत्तर त्यात दडले आहे असे त्यांतील एकाला वाटले. त्याचे नाव जॉन टिंडल. आपली मुले शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात टिंडल परिणाम शिकतात. अंधाऱ्या खोलीत कवडशातील धुळीचे कण चमकताना दिसतात, तोच हा परिणाम. परंतु हा मनुष्य कोण होता, हे त्या पुस्तकात नसते. एका कॅथलिक बिशपांचे नाव जगापुढे आणण्यासाठी तो भांडला, आणि पुढे त्याच्याच देशातील कॅथलिक बिशपांनी त्याच्या विचारांविरुद्ध पत्र काढले. या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यातल्या आहेत. म्हणून त्याची ओळख करून घेऊ.

जॉन टिंडल यांचा जन्म 2 ऑगस्ट 1820 रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यातील लेफलिनब्रिज या गावी झाला. वडील पोलिसात शिपाई होते. घरची परिस्थिती बेताची आणि घराणे कट्टर प्रॉटेस्टंट. आजूबाजूची वस्ती मात्र बहुतांशी कॅथलिक. त्या काळच्या आयर्लंडमध्ये या दोन समाजांत केवढी दरी होती, हे आपण इतिहासात वाचले आहे. तरीही वडिलांनी मुलाला जॉन कॉनविल नावाच्या कॅथलिक मास्तरांच्या शाळेत घातले, कारण गणित चांगले शिकवणारा मास्तर तोच होता. पोराचे डोके चालते हे बापाने ओळखले आणि तेवढ्यापुरती धर्माची भिंत बाजूला ठेवली. या मास्तरांकडे शिकलेल्या गणितावर आणि मोजणीच्या विद्येवर टिंडल यांचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले.

1839 साली ते सरकारी भूमापन खात्यात नोकरीला लागले आणि 1842 मध्ये इंग्लंडला गेले. तेथे कामाच्या अटी आणि पगाराबाबत तक्रार केली म्हणून पुढच्याच वर्षी त्यांना काढून टाकण्यात आले. नंतर इंग्लंडमध्ये सगळीकडे रेल्वेचे जाळे पसरू लागले तेव्हा त्यांनी रेल्वेच्या मोजणीचे काम केले. 1847 मध्ये ते हँपशायरमधील एका शाळेत शिक्षक झाले. साठवलेल्या पैशांवर 1848 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. ज्यांच्या नावाचा बर्नर आजही प्रत्येक प्रयोगशाळेत असतो, ते बुन्सेन तेथे त्यांचे गुरू होते. दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवून ते परतले. 1853 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले. तेथे लोहाराचा मुलगा असलेले थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे त्यांचे वडीलधारे सहकारी होते. फॅरडे निष्ठावंत ख्रिस्ती होते, टिंडल हळूहळू श्रद्धेपासून दूर जात होते. तरी दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

आता हिमनद्यांकडे वळू. आपल्या पंचगंगेला पावसाचे पाणी येते, म्हणून कोल्हापूरकरांना हिमनदी ही फक्त भूगोलातली गोष्ट. उंच पर्वतांवर दरवर्षी पडणारा सगळा बर्फ उन्हाळ्यात वितळत नाही. उरलेल्या थरावर पुढच्या वर्षीचा थर पडतो. ताजा हिमवर्षाव म्हणजे बहुतेक हवाच असते. त्याचे एक घनमीटर साधारण शंभर किलोच्या आसपास भरते. वरच्या भाराने आणि वितळून पुन्हा गोठण्याने ते कण जवळ येतात, गोल होतात, एकमेकांना चिकटतात. अशा जुन्या, दाणेदार बर्फाला जर्मन भाषेत फिर्न, म्हणजे मागल्या सालचे, असे म्हणतात. भार वाढत जातो तसे त्यातील हवेचे मार्ग बंद होतात आणि एका घनमीटरचे वजन सुमारे 830 किलोपर्यंत गेले की तो खरा हिमनदीचा बर्फ होतो. त्यात हवा फक्त बंद बुडबुड्यांच्या रूपाने उरते. सुट्या कणांत हवा असते म्हणून हिम पांढरे दिसते आणि हवा निघून गेलेला जाड बर्फ निळसर दिसतो. गोळेवाल्याची लादी पारदर्शक आणि भुगा पांढरा दिसतो, त्याचेही कारण तेच.

हा बर्फ दगडासारखा कठीण असतो. घण घातला तर फुटतो. आणि तरीही तो दरीतून खाली सरकतो. कसा? मराठीत आपण त्याला सहज हिमनदी म्हणतो, पण हा बर्फ नदीसारखाच वाहतो हे म्हणायला कोणीतरी धैर्य दाखवावे लागले. ते दाखवणाऱ्यांत एक होते फादर लुई रांद्यू. 1789 साली जन्मलेले हे धर्मगुरू सव्हॉय प्रांतातील शांबेरी येथे भौतिकशास्त्र शिकवीत. 1840 च्या सुमारास त्यांनी सव्हॉयच्या हिमनद्यांवर एक निबंध लिहिला. हिमनदी नदीसारखी वाहते, कडेपेक्षा मध्यभागी अधिक वेगाने जाते, अरुंद जागी दाटते आणि रुंद जागी पसरते, असे त्यांनी निरीक्षणांवरून मांडले. बर्फ फुटतो हे त्यांनाही ठाऊक होते. तरी मऊ लगद्यासारखा आकार बदलण्याचा काही गुण त्यात असलाच पाहिजे, असे त्यांना वाटत होते. नेमकी मोजमापे मात्र त्यांच्याजवळ नव्हती. 1843 मध्ये ते अ‍ॅनसीचे बिशप झाले.

ती मोजमापे स्कॉटलंडचे प्राध्यापक जेम्स डेव्हिड फोर्ब्ज यांनी 1842 च्या उन्हाळ्यात केली. फ्रेंच लोक जिला बर्फाचा समुद्र म्हणतात त्या मेर द ग्लास या हिमनदीवर थिओडोलाइट लावून त्यांनी दाखवले की ती रात्रंदिवस सरकते आणि मध्यभागी जास्त सरकते. त्यांनी सिद्धांत मांडला की बर्फ हा अतिशय घट्ट असा द्रवच होय. आपल्या गुऱ्हाळावरची काकवी तिरक्या ताटात ओतली तर मधली धार पुढे जाते आणि कडेची मागे रेंगाळते, तसेच हे. 1820 साली माँ ब्लाँ चढताना तीन वाटाडे हिमलोटाबरोबर एका खोल भेगेत गाडले गेले होते. सुमारे चाळीस वर्षांनी त्यांचे अवशेष खाली हिमनदीच्या टोकाशी बाहेर येतील असा अंदाज फोर्ब्ज यांनी वर्तवला होता. 1861 मध्ये ते खरोखरच बाहेर आले. त्या दुर्घटनेतून वाचलेला एक वाटाड्या तेव्हा म्हातारा होऊन जिवंत होता. आपल्या तरुण साथीदारांचे अवशेष त्याने ओळखले.

टिंडल या क्षेत्रात आले ते 1856 मध्ये. पाटीच्या दगडाचे पापुद्रे कसे सुटतात यावर त्यांनी व्याख्यान दिले होते. ते ऐकून त्यांचे मित्र हक्सली यांनी हिमनदीच्या बर्फातही तसेच निळे-पांढरे पट्टे असतात याकडे लक्ष वेधले. दोघे मिळून आल्प्समध्ये गेले. पुढच्या वर्षी टिंडल यांनी आपले मित्र थॉमस हर्स्ट यांच्यासह मेर द ग्लासच्या काठी सुमारे सहा आठवडे मुक्काम केला. हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत खुंट्या रोवायच्या आणि त्या दररोज किती सरकल्या ते पाहायचे. जुना मोजणीदार पुन्हा कामाला लागला. उन्हाळ्यात हिमनदीचा मधला भाग दिवसाला अर्ध्या मीटरहून अधिक सरकत होता. वळणावर सर्वाधिक वेग मध्यरेषेवर नसून बाहेरच्या बाजूला असतो, हे त्यांनी शोधले. पंचगंगेच्या वळणावर बाहेरचा काठ का खचतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच पटेल. बर्फाच्या एका उभ्या कड्यावर खुंट्या ठोकून त्यांनी हेही दाखवले की वरचा भाग तळच्या भागाच्या दुपटीहून अधिक वेगाने जातो.

1859 च्या नाताळच्या आठवड्यात सारे लोक घरात शेकोटीजवळ असताना टिंडल वाटाड्यांना घेऊन पुन्हा तेथे गेले. हिमवर्षावात, कमरेएवढ्या बर्फातून वाट काढत त्यांनी खुंट्यांची रेषा आखली. हिवाळ्यात हिमनदी थांबते काय, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. ती थांबत नव्हती. उन्हाळ्याच्या सुमारे निम्म्या वेगाने चालतच होती. अंगावर पडणाऱ्या सहा पाकळ्यांच्या हिमफुलांचे त्यांनी मोठ्या आनंदाने वर्णन केले आहे. त्याआधी प्रयोगशाळेत त्यांनी बर्फाच्या लादीतून प्रखर किरण सोडले, तेव्हा लादीच्या पोटातही तशीच सहा पाकळ्यांची पाण्याची फुले उमलली होती. वितळतानाही बर्फ आपली मूळ रचना विसरत नाही, हे त्यातून दिसले.

आता गोळ्याचे कोडे. 1850 मध्ये फॅरडे यांनी दाखवले होते की वितळू लागलेले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की ते स्पर्शाच्या जागी पुन्हा गोठून जोडले जातात. भुशात ठेवलेल्या लाद्या एकमेकींना अशाच चिकटतात आणि मग टोच्याने सोडवाव्या लागतात. टिंडल यांनी बर्फ लाकडी साच्यात घालून दाबला. आत तो कडकड फुटला, पण बाहेर निघाला तो अखंड पेला होऊन, गोल होऊन, भिंग होऊन. सरळ कांडीला एकामागून एक साच्यांत दाबून त्यांनी अर्धगोल कडे बनवले. यावरून त्यांनी म्हटले की हिमनदी काकवीसारखी वाहत नाही. ती दाबाने फुटते, सांधते, पुन्हा फुटते, पुन्हा सांधते आणि अशी पुढे जाते. कोरड्या, फार थंड हिमाचा गोळा का होत नाही, याचाही उलगडा त्यातून होतो. कण वितळण्याच्या बेतात असावे लागतात.

यावरून फोर्ब्ज आणि टिंडल यांच्यात जो वाद पेटला तो दोघांच्या हयातीनंतरही विझला नाही. 1860 मध्ये टिंडल यांनी आल्प्सच्या हिमनद्यांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी रांद्यू यांचा जुना निबंध उकरून काढला आणि हिमनदी नदीसारखी वाहते हा विचार या धर्मगुरूंनी फोर्ब्ज यांच्या आधी मांडला होता, त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही, असे स्पष्ट लिहिले. फोर्ब्ज यांनी आपल्या पुस्तकात रांद्यू यांचा उल्लेख केला होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु तो पुरेसा होता की नाही, यावर इंग्लंड आणि स्कॉटलंडचे विद्वान दोन फळ्यांत विभागले गेले. फोर्ब्ज यांनी तत्काळ उत्तर छापले. 1868 च्या अखेरीस ते वारले. 1873 मध्ये त्यांचे चरित्र निघाले आणि भांडण पुन्हा उफाळले.

बिशप रांद्यू यांना यातले काहीच कळले नाही. ते ऑगस्ट 1859 मध्येच देवाघरी गेले होते. ज्याच्याकडून आता काहीही मिळणार नाही, अशा परक्या देशातील, परक्या पंथातील, मृत धर्मगुरूची बाजू टिंडल यांनी घेतली. यात फोर्ब्ज यांच्यावर कुरघोडी करण्याची हौस अजिबात नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. माणसाचे हेतू क्वचितच शंभर नंबरी असतात. तरीही त्यातून एका विसरलेल्या माणसाला न्याय मिळाला.

आणि खरे कोण ठरले? विसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन ग्लेन यांनी दाबाखाली बर्फ कसा हळूहळू आकार बदलतो याचे प्रयोग केले. न फुटताही बर्फाचे स्फटिक आतल्या आत सरकतात आणि बर्फ वाहतो, हे सिद्ध झाले. म्हणजे मुख्य मुद्द्यात फोर्ब्ज सत्याच्या अधिक जवळ होते आणि रांद्यू यांचा अंदाजही बरोबर होता. टिंडल यांचा फुटून सांधण्याचा नियम खोटा नव्हता, पण सगळी हिमनदी त्याने चालत नाही. तळाशी, खडकावरून घसरताना, दाबाने वितळणे आणि पुन्हा गोठणे हे आपले काम करते. श्रेय देण्यात जो न्यायी, तो सिद्धांतात बरोबर असेलच असे नाही, आणि याच्या उलटही.

ज्या 1859 साली त्यांनी मेर द ग्लासची हिवाळी मोजणी केली, त्याच वर्षी त्यांनी दुसरे एक काम सुरू केले होते. एका लांब नळीत निरनिराळे वायू भरून त्यातून उष्णतेचे किरण किती पार जातात ते त्यांनी मोजले. नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेला जवळजवळ अडवत नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र अडवतात. हवेत वाफ नसती तर रात्रीत जमीन गोठून गेली असती, हे त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी 1856 मध्येच सूर्यप्रकाशात अशा वायूंवर प्रयोग केले होते. पण पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता वायू कशी अडवतात, हे मापून दाखवले ते टिंडल यांनी. ज्या हिमनदीवर त्यांनी खुंट्या रोवल्या, ती का आटते आहे याचे उत्तर त्या नळीत होते. त्या काळापासून मेर द ग्लास सुमारे दोन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे.

1874 च्या ऑगस्टमध्ये बेलफास्ट येथे शास्त्रज्ञांच्या मोठ्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून टिंडल यांनी जे भाषण केले, त्याने आयर्लंड हादरला. विश्वाच्या रचनेविषयी बोलण्याचा अधिकार धर्मशास्त्राकडून विज्ञानाने काढून घ्यावा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांनी श्रद्धावंतांसाठी पत्र काढून या विचारांचा निषेध केला. बर्फ कसा वाहतो हे विज्ञानाने सांगावे, त्यात धर्मगुरूंनी लुडबुड करू नये, हे टिंडल यांचे म्हणणे रास्त होते; रांद्यू यांनीही निबंधात बायबलची वचने नव्हे, हिमनदीची निरीक्षणे मांडली होती. परंतु बर्फ, नदी आणि त्यांकडे पाहणारा माणूस मुळात आहेतच का, हा प्रश्न खुंट्यांनी मोजता येत नाही. तेथे टिंडल यांनी आपल्या मोजपट्टीकडून तिच्या आवाक्याबाहेरचे काम मागितले, असे मला वाटते.

योगायोग असा की त्याच 1874 साली रांद्यू यांचा निबंध इंग्रजी भाषांतरासह, मूळ फ्रेंचसकट, लंडनमध्ये छापला गेला. संपादक होते फोर्ब्ज यांचे चिरंजीव जॉर्ज फोर्ब्ज. आपल्या वडिलांवर आरोप झाला, तर मूळ कागदच लोकांपुढे ठेवावा, वाचकांनी स्वतः ठरवावे, असा मार्ग त्यांनी घेतला. अशा रीतीने वादातल्या दोन्ही बाजूंनी मिळून एका बिशपांना त्यांची जागा परत दिली.

टिंडल यांनी 1876 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, लुईझा हॅमिल्टन यांच्याशी विवाह केला. स्वित्झर्लंडमध्ये आलेच हिमनदीच्या वर त्यांनी उन्हाळ्यासाठी घर बांधले. निद्रानाश त्यांना आयुष्यभर छळत होता, त्यासाठी ते क्लोरल नावाचे औषध घेत. 4 डिसेंबर 1893 रोजी सकाळी लुईझाबाईंनी पोटाच्या औषधाऐवजी चुकून क्लोरलचा मोठा डोस दिला. डॉक्टरांनी दिवसभर शर्थ केली, पण संध्याकाळी त्यांचे निधन झाले. लुईझाबाई त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे, 1940 पर्यंत जगल्या. पतीचे चरित्र लिहिण्यासाठी त्या कागद जमवत राहिल्या, पण ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. 1945 मध्ये दुसऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. सर्वांत प्रिय माणसाला आपल्याच हातून इजा होते, हे दुःख ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांनी या बाईंसाठीही एक प्रार्थना करावी.

2011 साली व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने पर्वतांवरील हिमनद्यांच्या भवितव्यावर एक अहवाल काढला. तो तयार करणाऱ्यांच्या अग्रभागी आपल्या भारतात जन्मलेले वीरभद्रन रामनाथन होते. हिमनद्या आटत आहेत आणि त्याला माणसाने हवेत सोडलेले वायू कारण आहेत, असे त्यात सांगितले आहे. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या सामाईक घराविषयी जे परिपत्रक लिहिले, त्यातही हवेतल्या याच वायूंची चिंता आहे. ज्याच्या विचारांचा एके काळी बिशपांनी निषेध केला, त्याने मोजलेली उष्णता आज चर्चही मोजते आहे. आणि त्याच्या पुस्तकात एका बिशपांचे नाव आदराने लिहिलेले आहे.

पुढच्या वेळी रंकाळ्यावर मुलांच्या हाती गोळा द्याल तेव्हा, सरबत ओतण्यापूर्वी, तो पांढरा भुगा एकत्र कसा आला हे त्यांना विचारा. आणि आपल्याशी पटत नसलेल्या कोणाचे काही श्रेय आपल्याकडे अडकून पडले असेल, तर ते हा आठवडा संपण्यापूर्वी चुकते करू या.